नसबंदी करताय? या चुका टाळा

बिनटाक्याची पुरुष नसबंदी 15-20 मिनिटांत उरकते. जागा बधिर करून अंडकोषाच्या त्वचेला एक छोटं छिद्र पाडतात. त्यातून दोन्ही बाजूंच्या वीर्यवाहिन्या बाहेर काढून कापतात आणि बांधतात. माणूस त्याच दिवशी घरी जातो. घोळ होतो तो बहुतेक वेळा त्यानंतर.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे त्याच आठवड्यात निरोध सोडून देणं. नळी कापली तरी कापलेल्या जागेच्या पुढच्या भागात आधीचे शुक्राणू साठलेले असतात. ते संपायला साधारण तीन महिने आणि किमान 20 वेळा वीर्यपतन लागतं. नुसतं कॅलेंडर बघून भागत नाही. तोवर निरोध वापरा, किंवा पत्नीचं चालू साधन चालू ठेवा.

तीन महिन्यांनी वीर्यतपासणी. ही पायरी सर्रास गाळली जाते, कारण तोवर दुखणं थांबलेलं असतं आणि नमुना द्यायची लाज वाटते. नमुना तोंड रुंद असलेल्या स्वच्छ डबीत, लॅबमध्येच दिलेला बरा. घरून न्यायचा तर अंगाजवळ धरून तासाभरात पोहोचवा. साध्या निरोधात गोळा करू नका, त्यातल्या वंगणाने शुक्राणू मरतात आणि रिपोर्ट फसवा येतो. सगळा नमुना डबीत पडला पाहिजे; सुरुवातीचा भाग सांडला तर तसं सांगा. रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य असतील तरच मोकळे झालात. हालचाल न करणारे थोडे दिसले तर घाबरू नका, पण निरोधही सोडू नका. डॉक्टर पुन्हा तपासणी सांगतील. हलणारे दिसत राहिले तर नस पुन्हा जुळली असेल किंवा एखादी बाजू नीट बंद झाली नसेल. सरकारी रुग्णालयात केली असेल तर शून्य रिपोर्टनंतर मिळणारं प्रमाणपत्र मागून घ्या आणि जपून ठेवा.

शून्य रिपोर्टनंतरही अगदी क्वचित, साधारण दोन हजारांत एकाच्या बाबतीत, गर्भ राहू शकतो. पत्नीची पाळी चुकली तर तिच्यावर संशय घेण्याआधी स्वतःचं वीर्य तपासून घ्या.

पहिले दोन दिवस आराम. घट्ट लंगोट किंवा आधार देणारी चड्डी घाला, कापडात गुंडाळून बर्फ लावा, जखम पहिला दिवस कोरडी ठेवा. दुखल्यास पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर शस्त्रक्रियेआधीच सांगा. मनाने बंद मात्र करू नका. आठवडाभर पोती उचलणं, सायकल, जिम बंद. 'काहीच दुखत नाही' म्हणून तिसऱ्या दिवशी शेतावर कामाला लागणाऱ्याच्या आत रक्त साठतं, आणि मग तीन दिवसांऐवजी तीन आठवडे जातात. थोडी सूज, निळसरपणा चालतो. काही आठवड्यांनी कापल्या जागी वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली तरी ती बहुधा निरुपद्रवी असते. पण सूज तासागणिक वाढत असेल, ताप 100.4 च्या वर गेला किंवा पू आला, तर थेट रुग्णालय गाठा. काहींना दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळतं. सहन करत बसू नका.

मर्दानगी जाते ही भीती निराधार आहे. पुरुषी हार्मोन रक्तातून जातं, त्या नळीतून नाही. वीर्यही जवळजवळ तेवढंच येतं, कारण त्यात शुक्राणूंचा वाटा जेमतेम दोन ते पाच टक्के. तरीही पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित जोडप्यांमध्ये स्त्री नसबंदी 37.9 टक्के आणि पुरुष नसबंदी 0.3 टक्के होती! स्त्रीच्या पोटाला छेद द्यावा लागतो, पुरुषाला टाकाही नाही, आणि तरी हे आकडे.

हर्निया, अंडवृद्धी, त्या भागात आधी झालेली शस्त्रक्रिया किंवा सध्याचा संसर्ग लपवू नका. आणि 'पुढे वाटलं तर नस जोडून घेऊ' या हिशोबाने तर मुळीच करू नका. जोडायची शस्त्रक्रिया महाग आणि किचकट असते, आणि जितकी वर्षं लोटतील तितकी यशाची शक्यता घटते. मन अर्धवट असेल तर तूर्त निरोधच बरा. गुप्तरोगांपासून तर तोच वाचवतो, नसबंदी नाही.