दोन वाजताची पेंग आणि दहा मिनिटांची डुलकी

दुपारची पेंग फक्त भाताने येत नाही. डबा न उघडता उपाशी बसलात तरी ती येते, जरा कमी येते एवढंच. शरीराच्या घड्याळात जागं ठेवणारा जोर साधारण एक ते तीनच्या दरम्यान ओसरतो. सकाळपासून मेंदूत साचत गेलेलं अ‍ॅडेनोसिन हे रसायन तोवर झोपेचा दाब वाढवतच असतं. त्यात पोट भरलेलं आणि एसी गार, मग जांभया सुरू होतात. ‘आजपासून भात बंद’ एवढ्यावर हे मिटत नाही ते म्हणूनच. रात्रीची झोप सहा तासांच्या खाली गेली असेल तर मुळीच नाही.

वेळ प्रत्येकाची वेगळी असते. उठल्यापासून सात-आठ तासांनी, असा ढोबळ हिशेब धरा. नवी मुंबईत ऐरोलीतल्या किंवा महाप्याच्या ऑफिसात वेळेवर पोचायचं म्हणून बदलापूर-टिटवाळ्याला पहाटे पाचला उठणाऱ्याचे डोळे साडेबारापासूनच जड होतात. घणसोलीत ऑफिसच्या जवळ राहून आठला उठणारा तीनपर्यंत तग धरतो. आपली पेंग कधी येते ते चार-पाच दिवस मोबाइलमध्ये टिपून ठेवा आणि डुलकी त्या सुमाराला बसवा. पण तीननंतर डुलकी नको, ती रात्रीच्या झोपेतून वजा होते.

किती वेळ झोपायचं, इथे बहुतेकांचं चुकतं. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठात २००६ साली रात्री पाचच तास झोपू दिलेल्या लोकांना दुपारी ५, १०, २० आणि ३० मिनिटं झोपवून पाहिलं गेलं. १० मिनिटांच्या झोपेने उठल्याउठल्या तरतरी आली आणि ती दोन-अडीच तास टिकली. ३० मिनिटांनंतर मात्र आधी काही वेळ डोकं जडच राहिलं. कारण साधं आहे. साधारण वीस-तीस मिनिटांनी गाढ झोपेचा टप्पा सुरू होतो आणि त्यातून गजराने उठवलं की पंधरा मिनिटं ते अर्धा तास माणूस धड जागाही नसतो आणि झोपलेलाही नसतो. ‘दुपारी झोपलं की आणखी सुस्ती येते’ अशी तक्रार करणारे बहुतेक चाळीस-पन्नास मिनिटं झोपलेले असतात. ज्याची रात्रीची झोप जितकी अपुरी, तितका तो लवकर गाढ झोपेत शिरतो. रात्री पाच तासच झोप मिळत असेल तर डुलकी दहा मिनिटांचीच घ्या. सात तास होत असतील तर वीस मिनिटं चालतील.

गजर लावताना डोळा लागायला पाच मिनिटं जादा धरा, म्हणजे दहा मिनिटांसाठी पंधराचा गजर. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांना चाळीस मिनिटांची सवड दिली होती, तेव्हा प्रत्यक्ष झोप सरासरी २६ मिनिटं झाली होती. फोन व्हायब्रेटवर ठेवून शर्टाच्या खिशात ठेवा किंवा हातात धरा, शेजारच्यांना त्रास होत नाही. स्नूझ दाबायचं नाही. डोळा लागलाच नाही तर ‘अजून झोप का येत नाही’ म्हणून घड्याळ बघत बसू नका. डोळे मिटून, जबडा आणि खांदे सैल सोडून नुसतं पडून राहिलं तरी थकवा उतरतो, आणि आठवडाभर रोज त्याच वेळी पडलात की शरीराला सवय होते.

जेवणाची सुट्टी ४५ मिनिटांची असेल तर वीस मिनिटं जेवण, पाच मिनिटं शतपावली, पंधराचा गजर आणि उरलेली पाच तोंड धुऊन जागेवर यायला. सुट्टी अर्ध्या तासाचीच असेल तर डब्याला पंधरा मिनिटं आणि गजर बाराचा. शतपावली राहिली तर ती चारच्या चहाला करा.

कॉफीचा एक जुना आणि खरोखर उपयोगी उपाय आहे. डुलकीच्या आधी कॉफी प्यायची, नंतर नाही. कॅफिनचा असर व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणजे तुम्ही उठता तेव्हाच ते कामाला लागतं. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठाने पेंगुळलेल्या चालकांवर सिम्युलेटरमध्ये हे तपासलं, तेव्हा कॉफी आणि डुलकी एकत्र घेतल्याचा चांगला फायदा दिसला. एक चमचा इन्स्टंट कॉफीत, म्हणजे सुमारे दोन ग्रॅममध्ये, साधारण ६० मिलिग्रॅम कॅफिन असतं. कटिंग चहात त्याच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे या कामाला चहा पुरत नाही. कॉफी कोमट करून दोन-तीन मिनिटांत संपवा. चघळत बसलात तर डुलकीचा वेळ जातो. रात्री साडेदहाला झोपणाऱ्याने दोननंतर कॉफी घेऊ नये, कारण पाच-सहा तासांनीही निम्मं कॅफिन अंगात असतं.

आता बसायचं कसं. टेबलावर दोन्ही हातांची घडी घालून त्यावर कपाळ टेकवणं सगळ्यात सोपं, आणि तेच सगळ्यात वाईट. डोक्याचा भार हातांच्या नसांवर पडतो, उठल्यावर बोटांना मुंग्या येतात, आणि डोळे मनगटावर दाबले गेले की थोडा वेळ धूसर दिसतं. टेबलच वापरायचं असेल तर लहान उशी किंवा गुंडाळलेलं जॅकेट खाली घ्या, मान एका बाजूला वळवून गाल टेकवा, हात उशीच्या बाजूला मोकळे सोडा. त्याहून खुर्ची बरी. पाठ जेवढी मागे जाईल तेवढी रेला, मानेमागे गुंडाळलेला टॉवेल ठेवा आणि डब्याची पिशवी नाही तर कागदांचा रिकामा खोका पायांखाली घ्या. पाय लोंबकळत राहिले की कंबर अवघडते. सिक रूममध्ये पलंग मिळत असेल तर जेवल्यावर सपाट उताणे पडू नका, आंबट पाणी घशाशी येतं. डोक्याकडची बाजू उंच करून डाव्या कुशीवर पडा. आपल्याकडे वामकुक्षी म्हणतात ती हीच. चष्मा काढून ठेवा, कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्याही.

गाडीत झोपणारे बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट बजावून सांगायलाच हवी. बेसमेंट पार्किंगमध्ये इंजिन आणि एसी चालू ठेवून, काचा बंद करून झोपू नका. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड तिथे साचतो, त्याला वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो कळत नाही. मे महिन्यात उघड्यावर उन्हात उभ्या गाडीचा पर्यायही नको. आतलं तापमान काही मिनिटांत असह्य होतं. गाडीच हवी असेल तर झाडाची सावली, इंजिन बंद, काचा निम्म्या खाली.

तुर्भे-रबाळ्याच्या एमआयडीसीत आणि वागळे इस्टेटमध्ये यंत्रावर काम करणाऱ्यांना नियम आणखी कडक लागतात. डुलकी दहाच मिनिटांची. उठल्यावर पाच ते दहा मिनिटं तोंड धुणं, पाणी पिणं, फिरणं झाल्याशिवाय प्रेस, लेथ किंवा फोर्कलिफ्टला हात लावायचा नाही. अर्धवट झोपेत हाताचा अंदाज चुकतो आणि प्रेसवर तो सुधारायला दुसरी संधी मिळत नाही. उभ्या ट्रकच्या सावलीत, चाकांजवळ, पॅलेटच्या मागे किंवा गोदामाच्या रस्त्यावर आडवं होऊ नका, चालकाला तुम्ही दिसत नाही. मुकादमाला किंवा सुपरवायझरला सांगून झोपा, लपून नाही. कुठे झोपला आहात हे कुणाला तरी माहीत हवं.

डब्याचं थोडक्यात. आधी काकडी-गाजराची कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी-भाजी, शेवटी वाटीभर भात. हा क्रम पाळला की साखर एकदम चढत नाही. तीन पोळ्या, भात, बटाट्याची भाजी आणि वर कँटीनचा गुलाबजाम असा बेत झाला की कितीही चांगली डुलकी असली तरी दुपार जाते. बिर्याणीच्या दिवशी निम्मीच खा, उरलेली चारला. उठल्यावर खिडकीजवळ किंवा बाहेर उजेडात दोन-तीन मिनिटं उभे राहा. ट्यूबलाइटच्या कितीतरी पट उजेड बाहेर असतो, अगदी पावसाळी ढगाळ दिवशीही. बंद मीटिंग रूममध्ये आठ जण तासभर बसले की कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि सगळेच पेंगतात, तेव्हा दोनची मीटिंग साडेतीनला ढकलता आली तर ढकला, नाही तर दार उघडं ठेवा.

हे सगळं करून पेंग कमी होत नसेल तर संध्याकाळच्या लोकलमधली झोप तपासा. ट्रान्स-हार्बर लोकलने नवी मुंबईहून ठाण्याला येऊन पुढे बदलापूर किंवा टिटवाळ्याच्या गाडीत जागा मिळाली की डोळा लागतो, घर येईपर्यंत अर्धा-पाऊण तास. ही झोप सगळ्यात महागाची. दिवसभर साचलेला दाब इथे उतरतो, रात्री साडेबारापर्यंत टक्क जाग राहते, सकाळी पाचचा गजर आहेच, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. ठाण्यानंतर जागा मिळाली तरी थोडा वेळ उभे राहा, कुणाशी तरी बोला. झोपायचंच असेल तर सकाळच्या गाडीत झोपा, ती रात्रीचीच उरलेली झोप असते. स्टेशनच्या दहा मिनिटं आधीचा गजर लावा आणि बॅग पोटाशी घ्या.

दोन-तीन आठवडे सात तास झोप, दुपारी दहा मिनिटं आणि हलका डबा असं करूनही डोळे मिटत असतील तर डॉक्टरांकडे जा. जाण्याआधी एपवर्थ स्केल भरा. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियात तयार झालेली, दिवसा पेंग किती येते ते मोजणारी आठ प्रसंगांची ही प्रश्नावली आहे, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज दहाच्या वर गेली तर पेंग नेहमीपेक्षा जास्त समजतात. मोठं घोरणं, झोपेत श्वास अडकतो असं घरच्यांनी सांगणं, सकाळी डोकं दुखणं ही स्लीप अ‍ॅप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास थांबत राहण्याच्या आजाराची लक्षणं आहेत, ती आधी सांगा. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. सर्दीची गोळी चालू असेल तर तिचं नाव सांगा, क्लोरफेनिरामाइन आणि सेटिरिझिन दोन्हींनी गुंगी येते. या काळात ठाणे-बेलापूर रस्त्यावर किंवा पाम बीचला बाइक चालवताना डोळे जड झाले तर सुरक्षित ठिकाणी कडेला थांबा, हेल्मेट काढा, कुणाला तरी फोन करून न्यायला बोलवा.