जावातल्या समुद्राजवळच्या गावात घर करायचं असेल तर

दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचातरी मेसेज येतोच, अरे तू तिकडे इंडोनेशियात असतोस ना, बाली महाग झालंय म्हणे, जावात बीचजवळ एखादा प्लॉट बघ की आपल्यासाठी. प्रत्येकाला वेगळं टाईप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी मूळचा देवगडकडचा, बायको केबुमेन जिल्ह्यातली, म्हणजे मध्य जावाचा दक्षिण किनारा, योग्याकार्ताच्या पश्चिमेला. सासुरवाडी समुद्रापासून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर, रात्री लाटा ऐकू येतात, दिसत नाहीत. मी वकील नाही हां, त्यामुळे पैसे द्यायच्या आधी तिकडच्या नोटरीला विचारायचंच.

पहिलं काम, किनारा कुठला ते ठरवा. उत्तर जावाचा समुद्र शांत आणि मोठी शहरं जवळ, म्हणून लोक तिकडे वळतात, पण सेमारांग, डेमाक, पेकालोंगान या पट्ट्यात जमीनच खचत चाललीय आणि भरतीचं पाणी घरात शिरतं, त्याला इथे 'रोब' म्हणतात. डेमाकच्या सायुंग भागात लोकांनी घरातली जमीन भर घालून इतक्या वेळा उंच केलीय की डोकं छताला लागायची वेळ आलीय, शेतं तर कधीच समुद्रात गेली. तिथे स्वस्तात प्लॉट मिळतोय म्हणून उडी मारू नका, स्वस्त का आहे ते भरतीला जाऊन बघा.

दक्षिणेला उलटं. समुद्र खवळलेला, पोहायचं नावच काढायचं नाही, आणि समोर समुद्रात भूकंपाचा पट्टा. १७ जुलै २००६ ला पांगांदारानच्या बाजूला त्सुनामी आली त्यात सहाशेहून जास्त माणसं गेली, धक्का इतका हलका लागला होता की बऱ्याच जणांना काही होतंय हे कळलंच नाही. त्यामुळे जागा बघायला गेलात की समुद्र किती छान दिसतो हे नंतर, आधी पळायचा रस्ता दाखवणारे बोर्ड कुठे आहेत आणि उंचवटा किती लांब आहे ते बघायचं. माझे सासरे एवढंच म्हणतात, जुनी घरं कुठे आहेत बघ, आजोबांच्या काळात कुणी वाळूवर घर बांधलं नाही ते काय उगाच नाही.

आता जमीन. इथले जमिनीचे शब्द ऐकले की एकदम घरच्यासारखं वाटतं आणि गडबड तिथेच होते. 'हाक' म्हणजे आपला हक्क, 'वारिस' म्हणजे वारस, 'साक्सी' म्हणजे साक्षीदार, गावाला 'देसा', आणि बायकोला 'इस्त्री' म्हणतात (माझ्या आईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती दहा मिनिटं हसत होती). पण शब्द ओळखीचे असले तरी कायदा आपला नाही. १९६० चा जमीन कायदा आहे, त्यात 'हाक मिलिक', म्हणजे कायमची पूर्ण मालकी, फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळते. परदेशी माणसाला नाही, कितीही वर्षं राहा, कितीही पैसे असू देत.

मग दलाल काय सांगतो, काही टेन्शन नाही, माझ्या मेव्हण्याच्या नावावर घेऊ, बाजूला एक ॲग्रीमेंट करू की खरा मालक तुम्ही. हे कधीच करू नका. त्याच कायद्याच्या २६ व्या कलमात सरळ लिहिलंय की परदेशी माणसाकडे मालकी फिरवायचा व्यवहार, सरळ असो की आडवळणाने, मुळातच रद्द, जमीन सरकारजमा आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. म्हणजे भांडण झालं तर कोर्टात तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध पुरावा घेऊन उभे. मेव्हणा गोडच असतो हो, पण मेव्हण्याला पण वारिस असतात.

परदेशी माणसाला कायदेशीर रस्ते तीनच. एक, 'हाक पाकाई', वापराचा हक्क, त्यासाठी वैध इमिग्रेशनचे कागद लागतात, आधी ३० वर्षं, मग २० वाढवून, मग परत ३०, असा हिशोब २०२१ च्या नियमात आहे. पण त्याला प्रांताप्रमाणे घराची किमान किंमत ठरवलेली आहे आणि जावात ती अब्ज रुपियांत जाते, म्हणजे खेड्यातल्या साध्या घराला हा रस्ता जवळपास बंदच. दोन, कंपनी काढून 'हाक गुना बांगुनान', म्हणजे बांधकामाचा हक्क, घेणं, पण परदेशी गुंतवणुकीच्या कंपनीला धंद्यात दहा अब्ज रुपियांच्या वर गुंतवणूक दाखवावी लागते, आणि एक रुपया म्हणजे साधारण १८०-१९० रुपिया धरला तर पाच कोटींच्या पुढे जातंय बघा, नारळाच्या वाडीसाठी कोण करणार. तीन, भाडेपट्टा, ज्याला 'सेवा' म्हणतात. हा शब्द पण आपला वाटतो, पण अर्थ भाडं!

चौथा रस्ता माझ्यासारख्यांचा, लग्न. त्यातही खाच आहे. नवराबायकोची संपत्ती एकत्र धरली जाते, मग बायकोने घेतलेल्या जमिनीत परदेशी नवऱ्याचा हिस्सा आला असं होतं आणि कलम २१ प्रमाणे अशी मालकी एका वर्षात सोडावी लागते. म्हणून संपत्ती वेगळी ठेवायचा करार लागतो. आधी तो लग्नाच्या आधीच करावा लागायचा, २०१६ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने निकाल दिला की लग्नानंतर पण चालेल, नाहीतर आमचं काही खरं नव्हतं, आम्हाला लग्नाच्या वेळी हे कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही नंतर नोटरीकडे केला आणि लग्नाच्या नोंदीत चढवून घेतला. करार झाल्यावर जमीन पूर्णपणे बायकोची, माझं त्यात काहीही नाही, हे मनाने मान्य असेल तरच पुढे जा. आणि एक बोलायला जड जातं ते पण बोलून ठेवा, तिला आधी काही झालं तर मला एका वर्षात ती जमीन विकायची किंवा इंडोनेशियन नागरिकत्व असलेल्या माणसाच्या नावावर करायची. आमच्यात यावर दोन संध्याकाळी गेल्या, एक रडण्यात आणि एक हिशोबात.

कागद बघताना सातबारा शोधू नका, इथे तसलं काही नाही. खरा कागद एकच, भूमी कार्यालयाने, म्हणजे बेपेएनने दिलेलं 'सर्तिफिकात'. गावात अजून 'गिरिक', 'लेतर सी' असले जुने कागद दाखवतात, ते मुळात कराच्या नोंदी. २०२१ च्या नियमाने त्यांना पाच वर्षांची मुदत दिलेली, ती फेब्रुवारी २०२६ ला संपली, आता ते मालकीचा पुरावा म्हणून चालत नाहीत, फक्त चौकशीला उपयोगी. २०१७ पासून सरकारने गावंच्या गावं मोजून सर्तिफिकात वाटलीत, त्यामुळे अजूनही एखाद्या जागेचं नसेल तर मला तरी आधी शंका येते की भावाभावांत काहीतरी अडकलंय. वारिस जितके तितक्या सह्या. एक भाऊ सुमात्राला पाम तेलाच्या मळ्यात, एक बहीण हाँगकाँगला घरकामाला, हे इथे घराघरात आहे, त्यामुळे 'सगळे तयार आहेत' यावर विश्वास ठेवू नका.

काही जमिनी तर विकायच्याच नसतात आणि तरी दाखवल्या जातात. 'बेंगकोक' म्हणजे गावच्या अधिकाऱ्यांना पगाराच्या बदली कसायला दिलेली जमीन, आपल्याकडच्या जुन्या वतनासारखं समजा, आणि 'कास देसा' म्हणजे गावाच्या मालकीची. योग्याकार्ता प्रांतात किनाऱ्याची बरीच जमीन सुलतानाच्या घराण्याची, २०१२ च्या कायद्याने ती मालकी मान्य केलीय, तिथे समुद्राच्या तोंडावरचं हॉटेल दिसलं म्हणजे त्याखालची जमीन त्याचीच असं नसतं. आमच्या केबुमेनमध्ये 'उरुतसेवू' म्हणतात तो किनारपट्टा आहे, तिथे शेतकरी म्हणतात जमीन आमची, लष्कर म्हणतं आमची, २०११ च्या एप्रिलमध्ये सेत्रोजेनार गावात गोळीबारापर्यंत गेलं आणि शेतकरी जखमी झाले. त्या पट्ट्यात शेती मस्त दिसते, कलिंगड, मिरची सगळं वाळूत पिकतं, पण मी तिथे फक्त कलिंगड घेतो.

अजून दोन गोष्टी पटकन. भरतीच्या सगळ्यात वरच्या रेषेपासून निदान शंभर मीटर बांधकाम धरू नका. आणि भातशेत, म्हणजे 'सावाह', घेऊन त्यावर घर बांधू असा विचार असेल तर आधी नकाशात ते संरक्षित शेतजमिनीत येतं का बघा, शिवाय शेतजमीन घेणारा त्याच तालुक्यात राहणारा हवा असा जुना नियम आहे. आपल्याकडे शेतकरी दाखला मागतात, इथे पत्ता मागतात. घराला घ्यायची ती 'पेकारांगान', म्हणजे परसासकट घरवाडी. मोजमाप आमच्या बाजूला 'उबिन'मध्ये सांगतात, एक उबिन साधारण १४ चौरस मीटर, म्हणजे सात उबिनचा ढोबळ एक गुंठा.

व्यवहार फक्त पेपाआतेसमोर, म्हणजे जमिनीचे दस्त करणारा अधिकृत नोटरी. आधी त्याच्याकडून सर्तिफिकात भूमी कार्यालयात तपासून घ्यायचं आणि मगच पैसे. त्याची फी कायद्याने एक टक्क्याच्या वर नाही. घेणाऱ्याला पाच टक्के कर (ठराविक रक्कम वजा करून), विकणाऱ्याला अडीच टक्के, पण गावाकडे विकणारा हळूच म्हणतो माझ्या हातात अमुक आले पाहिजेत, म्हणजे त्याचा कर पण तुमच्या गळ्यात, ते आधीच बोलून घ्या.

बरं, समजा कागद झाले. राहायचं कसं हा जास्त मोठा भाग आहे आणि मेसेज करणारे हे कधीच विचारत नाहीत. गावात पोचलात की आधी पाक (म्हणजे श्रीयुत) एरतेंना भेटायचं. एरते म्हणजे तीस-चाळीस घरांचा शेजार, त्याचा एक प्रमुख असतो, पाहुण्याने चोवीस तासांत त्याला कळवायचं असा बोर्ड गल्लोगल्ली लावलेला असतो. मी पहिल्या वेळी दोन दिवस गेलो नाही, कुणी काही बोललं नाही, पण सासूबाईंना बाजारात तीन जणींनी 'जावई आलेत वाटतं' असं विचारलं, जावात याला ओरडा पडला म्हणतात. तिथे कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. 'इंग्गिह' म्हणजे हो, पण त्याचा अर्थ 'ऐकलं' इतकाच असू शकतो. प्लंबर इंग्गिह म्हणाला म्हणून मी तीन दिवस घरी बसून राहिलोय.

मग 'रोंदा', रात्रीची गस्त, पुरुषांची पाळी लागते. फिरताना घराघरासमोर टांगलेल्या छोट्या डब्यातलं मूठभर तांदूळ किंवा नाणी गोळा करायची, त्याला 'जिंपितान' म्हणतात, त्यातून गावची छोटी कामं होतात. बायकांची 'आरिसान' असते, ती म्हणजे आपली भिशी, अगदी तश्शीच, चहा-खाऊ आणि गॉसिपसकट. लग्न, सुंता, मयत, सगळीकडे पाकीट द्यायचं आणि बऱ्याच घरी कुणी किती दिलं त्याची वही असते, तुमच्या घरच्या कार्याला तेवढं परत येतं. खर्चाच्या अंदाजात लोक वीज-पाणी धरतात आणि ही पाकिटं विसरतात, सणासुदीच्या महिन्यात आमचा सगळ्यात मोठा खर्च तोच असतो.

घर बांधताना पत्रा टाळा, खाऱ्या वाऱ्याने खातो. केबुमेनची सोक्का कौलं जावाभर प्रसिद्ध आहेत, तीच घ्या. बोअर मारायच्या आधी शेजारच्या तीन विहिरींचं पाणी उन्हाळ्याच्या शेवटी, म्हणजे इथल्या ऑक्टोबरच्या सुमाराला, चाखून बघा, पावसाळ्यात सगळंच गोड लागतं. पंपाला कुठल्याही कंपनीचा असला तरी 'सान्यो'च म्हणतात. वीज मीटरला टोकन भरून, संपत आलं की मीटर पीं पीं करतो, आणि ते हमखास पहाटेच्या अजानच्या आधी. शाकाहारी असाल तर टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), टोफू, शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या यावर मजेत निघतं, फक्त सांबालमध्ये, म्हणजे इथल्या मिरचीच्या ठेच्यात, सुकट कुटून घातलेली असते ते विचारा. आमच्याकडच्या आंबाल गावच्या साते (काडीला लावून भाजलेल्या) कोंबडीला तर रस्सा पण टेंपेचाच, मी त्यासाठी वीस किलोमीटर जातो.

भाव वाढतील का? विमानतळ झालाय, योग्याकार्ताजवळ कुलोनप्रोगोला, २०२० पासून पूर्ण चालू, दक्षिण किनाऱ्याचा मोठा रस्ता तुकड्या तुकड्याने होतोय, २०२३ ला इथे सरकारी कोळंबी प्रकल्प आला, २०२५ ला केबुमेनला युनेस्कोचा जिओपार्क दर्जा मिळाला. दलाल हे सगळं पाठ म्हणून दाखवतो. पण घेणारा कोण ते बघा ना, २०२५ ला जिल्ह्याचं किमान वेतन महिना साडेबावीस लाख रुपिया होतं, ऐकायला लाख, आपले बारा हजार. गावातला माणूस जमीन विकतो ती मुलाच्या कॉलेजला नाहीतर हजला जायला, आणि घेतो तो बहुतेक नात्यातलाच. रस्त्याच्या कडेचं सोडलं तर प्लॉट वर्षानुवर्षं बोर्ड लावून पडलेले मी बघतोय. पैसे दुप्पट करायला येणार असाल तर येऊ नका, राहायला आवडणार असेल तर या.

आणि आधी भाड्याने. बारा महिने, एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण कोरडा मोसम. भाडं वर्षाचं एकदम आगाऊ देतात इथे, महिन्याचं कुणी घेत नाही. कागद साधा चालतो, दहा हजार रुपियांचा 'मातेराय' स्टँप चिकटवून त्यावर सही अर्धी आडवी येईल अशी करायची, साक्सी दोन, त्यातला एक लागून असलेला शेजारी घ्या, आणि पाक एरतेची सही. झेरॉक्स चार-पाच काढून ठेवा, सगळीकडे मागतात. फक्त शुक्रवारी साडेअकरा ते एक जाऊ नका, झेरॉक्सवाला नमाजाला गेलेला असतो.