जेवल्यावर गळून जायला होतं? आधी हे करून बघा

दुपारी जेवलं की डोळे मिटायला लागतात ना, मग आधी ताटात काय आहे ते बघा, नुसता मैदा आणि गोड असेल तर रक्तातली साखर पटकन चढते आणि तशीच उतरते, मग अंगात जीवच नाही असं वाटतं. सोबत प्रोटीन आणि फायबर हवंच, डाळी, अंडी, भाज्या, जे आवडेल ते. फायबर मात्र हळूहळू वाढवा, एकदम वाढवलं तर पोट फुगतं, आणि पाणीपण वाढवा.

सगळ्यात महत्त्वाचं, चावून खा. मोबाईल बाजूला ठेवा खरंच. पोट भरल्याचा सिग्नल मेंदूपर्यंत पोचायला साधारण २० मिनिटं लागतात, तुम्ही ५ मिनिटांत उरकलं तर जास्त खाल्लं जाणारच. जेवून लगेच आडवं होऊ नका, १० मिनिटं सावकाश चाला, त्यानेही साखर कमी उसळते, मला तर हाच उपाय सगळ्यात सोपा वाटतो.

चहा-कॉफी जेवणाला चिकटून नको, लोह नीट शोषलं जात नाही, तासभर थांबा.

आणि एवढं करूनही २-३ आठवडे थकवा जात नसेल तर प्लीज अंगावर काढू नका, डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन, बी १२, थायरॉइड तपासून घ्या.