हिरवा रणगाडा साबणाची वडी का दिसतो? रंगवताना या चुका टाळा

१:७२ मापाचा (म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढा) टी-३४/८५ हा सोव्हिएत रणगाडा मॉडेल किटमधून हौसेने जोडायचा, प्राइमर (रंग धरून ठेवणारा खालचा थर) मारायचा, त्यावर हिरव्याचे दोन हात द्यायचे आणि शेल्फवर ठेवून दोन पावलं मागे यायचं. दिसते काय, तर कपडे धुण्याच्या हिरव्या साबणाची वडी! मग खापर हिरव्यावर फुटतं आणि पुढचं किट तीनरंगी जर्मन पँथरचं येतं. हिरवा बिचारा निर्दोष असतो. चुका आपल्याच, आणि त्या बहुतेक ठरलेल्या.

पहिली चूक रंग कालवतानाच होते. हिरवा उजळायला आपण पांढरा घालतो आणि गडद करायला काळा. पांढऱ्याने तो दही घातलेल्या पुदिन्याच्या चटणीसारखा होतो, काळ्याने नुसता मळतो. सोव्हिएत रणगाड्यांचा ठरलेला रंग, ४बीओ, हा मुळात पिवळसर, मातकट हिरवा. तो उजळायचा तर यलो ऑकर (मातकट पिवळा) घाला, गडद करायचा तर गडद तपकिरी किंवा थेंबभर निळा. शिवाय बाटलीतला रंग तसाच फासू नका. मॉडेल जेवढं लहान, तेवढा तोच रंग डोळ्याला काळपट भासतो, म्हणून बेसकोटच (खालचा मूळ रंगच) एक पायरी फिकट ठेवायचा. 'अचूक शेड' शोधण्यात संध्याकाळ घालवणाऱ्यांना एवढंच सांगेन की हा रणगाडा निझ्नी तागिल, गोर्की आणि ओम्स्क अशा तीन ठिकाणी बनत होता, आणि आघाडीवरचं ऊन, धूळ, डिझेल यांनी त्या रंगाचं काय केलं असेल ते वेगळंच.

आता ड्रायब्रश, म्हणजे जवळपास कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट रंग घासणं. तो वाईट नाही, जागा चुकते. टी-३४ चं टरेट, म्हणजे वरचा तोफेचा फिरता बुरूज, ओतीव, खडबडीत. तिथे ड्रायब्रश छान बसतो. पण हलच्या (खालच्या मुख्य धडाच्या) बाजू म्हणजे सपाट, तिरक्या पोलादी पत्र्यांच्या. तिथे त्याचे खडूसारखे ओरखडे उठतात. सपाट भागावर तीन हिरवे वापरा: खाली गडद, मध्ये मूळ, वरच्या कडेकडे फिकट. टरेटचं छप्पर आणि इंजिनावरची झाकणं सगळ्यात उजळ. हाताशी एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं साधन) नसेल तर पातळ रंगाचे चार-पाच हात पुरतात, फक्त प्रत्येक हात वाळू द्या.

वॉशच्या, म्हणजे सांधे उठून दिसावेत म्हणून सोडायच्या पातळ गडद रंगाच्या, बाबतीत मीही बरीच मॉडेल्स खराब केली आहेत. मॅट रंगावर सगळीकडे वॉश ओतला की तो पत्र्यावर पसरतो आणि वाळताना भिंतीवरच्या ओलीसारखे डाग सोडतो. आधी ग्लॉस वार्निशचा हात मारा आणि तो पूर्ण वाळू द्या. मग बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) ऑइल कलर व्हाइट स्पिरिटमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करून बारीक ब्रशचं टोक फक्त सांध्याला टेकवा. तो रेषेतून आपोआप धावतो. पंधरा-वीस मिनिटांनी स्पिरिटने किंचित ओलसर ब्रश वरून खाली ओढून जादा रंग टिपून घ्या. डाग आधीच पडले असतील तरी ऑइल ओलं असेपर्यंत याच पद्धतीने निघतात. बेसकोट इनॅमलचा असेल तर मात्र जपून, स्पिरिट तोही उचलेल.

खरवडलेल्या रंगाचा मोह भलताच वाईट. हे मॉडेल तोफेसकट जेमतेम ११ सेंटिमीटर. त्यावरचा १ मिलिमीटरचा ओरखडा म्हणजे खऱ्या रणगाड्यावर ७ सेंटिमीटरचा! असे शंभर ओरखडे पडलेलं यंत्र भंगारातच शोभेल. स्पंजचा तुकडा गडद तपकिरीत बुडवा, कागदावर जवळपास कोरडा होईपर्यंत टिपा आणि झाकणाची कड, मडगार्डचं टोक, चढायच्या जागा एवढ्यांनाच लावा. ट्रॅकवर (चाकांभोवतीच्या पोलादी पट्ट्यावर) भडक केशरी गंजही नको. चालत्या रणगाड्याचा ट्रॅक मातकट तपकिरी आणि घासणाऱ्या जागी चकचकीत असतो. तिथे मऊ पेन्सिलीचं शिसं चोळा.

हिरव्याला उठाव देतात ते त्याचे शेजारी. बाजूला बांधलेली करवत, लाकडी ओंडका, मळखाऊ ताडपत्री, मागच्या दोन एक्झॉस्टभोवतीची काजळी. डिझेलच्या गोल टाक्यांपैकी एक किंचित वेगळ्या हिरव्यात रंगवा, नंतर बदललेली वाटते. १९४५ च्या बर्लिनमधला रणगाडा करत असाल तर टरेटभोवती पांढरा पट्टा येतो. आपल्याच बाजूच्या विमानांनी ओळखावं म्हणून तो असे. एवढ्या एका पट्ट्याने अख्खं मॉडेल जागं होतं.

अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम जरूर बघा. ओतीव पोलादाचा पोत, वेल्डिंगचे सांधे जवळून दिसतात. रंगाची नक्कल मात्र तिथून करू नका. प्रदर्शनातल्या रणगाड्यांना वेळोवेळी नवा हात मारलेला असतो.

शेवटचा घोटाळा पावसाळ्यातला. एका जुलैत मी बाल्कनीत मॅट वार्निशचा स्प्रे मारला आणि महिनाभराच्या कामावर पांढरं धुकं उतरलं. रंग खरवडायला घेतलाच होता, पण थांबलो. कोरड्या दिवशी ब्रशने ग्लॉस वार्निशचा पातळ हात दिला, तर खालचा हिरवा परत दिसू लागला. त्यावरचं मॅट मात्र दिवाळीनंतरच मारलं.