बारा जणांसाठी मिमोसाची तयारी

संत्र्याचा रस आणि फेसाळती वाइन, मिमोसात तिसरं काही पडत नाही. त्यामुळे वाइन कोमट निघाली किंवा रस शिळा असला तर ते झाकायला काहीच हाताशी नसतं. एकतीस डिसेंबर असो, साखरपुडा असो की आईबाबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, बारा जण आणि माणशी दोन ग्लास धरून सगळं सांगते.

आधी प्रमाण ठरवा, म्हणजे खरेदी आपोआप ठरते. बारटेंडरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कृतीत रस आणि वाइन दोन्ही ७५ मिली आहेत. लंडनच्या बक्स क्लबमध्ये १९२१ साली निघालेल्या बक्स फिझ या अशाच पेयात वाइन रसाच्या दुप्पट. मला या दोन्हींच्या मधलं आवडतं: ९० मिली वाइन, ६० मिली रस. चोवीस ग्लासांना वाइन सव्वादोन लिटरच्या आत बसते, म्हणजे ७५० मिलीच्या तीन बाटल्या. रस लागतो साधारण दीड लिटर, त्यासाठी चार किलो संत्री आणा आणि वर एखादा किलो हाताशी असू द्या.

वाइन फ्रान्सचीच हवी असा हट्ट नको. शँपेनची नाजूक चव संत्र्याखाली दबते, मग तेवढे पैसे कशाला घालवायचे? आपल्याकडे नारायणगावला १९८०च्या दशकातच बाटलीत दुसऱ्यांदा आंबवून अशी वाइन बनू लागली होती. आता नाशिकच्या सुलाची मिळते, दिंडोरीत तयार होणारी शांदोंही २०१३पासून आहे. लेबलवर ‘ब्रूट’ म्हणजे कमी गोड असं पाहून घ्या. ‘एक्स्ट्रा ड्राय’ त्याहून गोड असते, त्यात नागपुरी संत्र्याची गोडी मिसळली की सरबत होतं. खरेदी दोन दिवस आधीच उरका. मध्ये ड्राय डे येतो का बघा आणि दारूच्या परवान्याचंही दुकानातच विचारा.

बाटल्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये आत ठेवा. दारात नको, उघडझाप करताना त्या हलत राहतात. फ्रीजरमध्ये तर मुळीच नको, गोठून फुटू शकतात. कार्यघरात फ्रिज श्रीखंडाने आणि दुधाने भरलेला असतोच. मग बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटल्या मानेपर्यंत बुडवा, अर्ध्या तासात काम होतं. नुसत्या बर्फात वेळ लागतो, कारण खड्यांमध्ये हवा राहते. एवढा आटापिटा अशासाठी की गार द्रवात वायू विरघळून राहतो. कोमट बाटली उघडली की तो एकदम उसळतो आणि निम्मा फेस टेबलावर जातो. संत्रीही रात्रीच फ्रिजमध्ये टाका. ग्लासात बर्फ घालायची वेळ येता कामा नये.

रस मात्र आदल्या दिवशी काढून ठेवू नका, मोह कितीही झाला तरी. नागपुरी संत्र्याचा रस काढल्यावर थोड्या वेळाने कडवट होऊ लागतो, बिया चिरडल्या तर जास्तच. म्हणून मिक्सर नको. संत्रं आडवं कापा, काचेच्या रसयंत्रावर हलक्या हाताने फिरवा, सालीपर्यंत दाबू नका, बारीक गाळणीतून गाळा आणि जग परत फ्रिजमध्ये ठेवा. पाहुणे यायच्या अर्धा तास आधी हे काम सुरू करा, दोघं असाल तर आरामात होतं. आंबिया बहाराची संत्री नोव्हेंबर-डिसेंबरात बाजारात असतात, वर्षअखेरीला ती नेमकी सापडतात. डब्यातला साखर घातलेला रस मी घेणार नाही.

ग्लास उंच आणि अरुंद असले तर बरं, नसतील तर साधे पाण्याचे चालतील. साबणाचा अंश राहिला तर फेस टिकत नाही, तेव्हा गरम पाण्याने खळखळून धुवा आणि सुती फडक्याने पुसा. फडक्याचे सूक्ष्म तंतू काचेला चिकटतात आणि बुडबुड्यांची माळ तिथूनच सुटते.

आता बूच. आतला दाब मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या दुपटीहून जास्त असतो, त्यामुळे बाटली माणसांपासून आणि ट्यूबलाइटपासून लांब वळवा. तारेचं कडं सहा अर्धे वेढे फिरवून सैल करा, पण तेव्हापासून अंगठा बुचावरून हलवू नका. बाटली तिरपी धरा, बूच घट्ट पकडा आणि बाटली फिरवा. बूच वर सरकू लागलं की त्याला उलट दाबून रोखत सोडा. फुस्स एवढाच आवाज आला पाहिजे. मोठा धमाका ऐकायला मजेशीर, पण त्यात वायू जातो आणि डोळ्याला इजा होऊ शकते. तिन्ही बाटल्या एकदम उघडू नका.

ओतताना वाइन आधी, ग्लास तिरपा धरून, कडेकडेने. रस नंतर. रस जड असतो, तो स्वतःच खाली जाऊन मिसळतो. उलट केलंत तर गरावर वाइन पडून फेस वर येतो आणि ग्लास भरायला दोन-तीनदा थांबावं लागतं. चमच्याने ढवळू नका.

ज्यांना दारू नको, ज्यांना गाडी चालवायची आहे आणि मुलं, या सगळ्यांसाठी तसलेच ग्लास, तोच रस आणि गार सोडा. हे ग्लास वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा आणि काठावर संत्र्याची चकती लावा, म्हणजे अदलाबदल होणार नाही. सोबत खारे काजू, बटाट्याचे वेफर्स, चकली असं खारट-कुरकुरीत ठेवा. तिसरी बाटली अर्धी उरली तर क्लिपचं झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी फेस थोडा कमी असेल, पण नाश्त्यापर्यंत टिकतो.