पाण्यात पदार्थ विरघळला की बदलला, हे कसे ओळखावे

स्वयंपाकात न लागणाऱ्या पाच बशांत थोडे थोडे पाणी घ्यावे. चार बशांत मीठ, युरिया, खाण्याचा सोडा आणि फ्रूट सॉल्ट वेगवेगळे ढवळावेत. पाचवीत नुसते पाणी ठेवावे, कारण बोअरच्या पाण्याचे क्षारही मागे पांढरा थर ठेवतात.

बुडबुडे आले किंवा तापमान बदलले की रासायनिक बदल झाला, हा सर्रास सांगितला जाणारा नियम विसरावा. युरियाची बशी चांगलीच गार लागते, तरी युरिया युरियाच राहतो. पाणी उडून गेल्यावर मूळ पदार्थ मिळतो का, हे पाहावे.

सगळी गोम आहे ती पाणी उडवण्यात. घाईने बशीतले द्रावण गॅसवर आटवू नये, असे माझे ठाम मत आहे. खाण्याचा सोडा पाण्यात नुसता विरघळलेला असतो. पण द्रावण उकळले की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि तळाशी धुण्याचा सोडा उरतो. त्याचे पाणी हळदीच्या कागदाला गडद लाल करते, तर मूळ सोड्याचे पाणी फिकट तांबूस छटाच देते. हा फरक पाहून "पाण्याने सोडा बदलला" असे लिहिणारे पुष्कळ भेटतात. बदल केला तो आचेने. म्हणून पातळ थर पसरून बशा सावलीत पंख्याखाली ठेवाव्यात आणि पावसाळ्यात या खटाटोपात पडू नये.

फ्रूट सॉल्टचे सोपे आहे: वाळलेल्या थरावर पुन्हा पाणी घातले तरी तो फसफसत नाही, कारण त्यातले आम्ल सोड्याशी संयोग पावून संपलेले असते.

आच उलटीही फसवते. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्याशी संयोग पावून जिप्सम होते, म्हणजे बदल रासायनिकच. तरीही जिप्सम सुमारे 150 अंश सेल्सिअसला तापवले की प्लास्टर परत मिळते. येथे तराजू उपयोगी पडतो: 100 ग्रॅम शुद्ध प्लास्टर भिजवून, घट्ट झाल्यावर सावलीत पूर्ण वाळवले, तर वजन सुमारे 118 ग्रॅम भरते, कारण वाढलेले पाणी स्फटिकात बांधले गेलेले असते. कालवताना ते तापते, म्हणून हाताचा ठसा घेण्याचा मोह टाळावा आणि उरलेले मोरीत ओतू नये. ते पाण्याखालीही घट्ट होते.