ड्रोनचा विमा काढताना आधी पायलट बघा

दिंडोरीकडे द्राक्षबागांवर ड्रोनने फवारणी करून देतो, म्हणून कळकळीने सांगतो: हप्ता भरण्याआधी पॉलिसीतलं पायलटचं कलम वाचा. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमांत रिमोट पायलट सर्टिफिकेट ड्रोनच्या वर्गानुसार असतं. २ ते २५ किलो स्मॉल, त्यापुढे १५० किलोपर्यंत मीडियम. वजन धरायचं ते टाकी भरून. टाकीतलं १० लिटर पाणीच १० किलो! स्मॉलवाल्याने मीडियम उडवला, तर दावा नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. भाच्याच्या हातात रिमोट द्यायचाय? आधी त्याचं सर्टिफिकेट, मग पॉलिसीत नाव. ओझर विमानतळाच्या बाजूला डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरचा, कुठे उडवता येतं ते दाखवणारा नकाशा बघूनच ड्रोन उचला. थर्ड पार्टी विमा कायद्यानेच लागतो, पण त्यात तुमच्या ड्रोनची मोडतोड येत नाही. ते कव्हर वेगळं मागून घ्या.